टेपचं दुसरं टोक

खिद्रापूरच्या कोपेश्वराशी माझी ओळख झाली ती हात जोडून नव्हे, टेपचं टोक धरून. भिंतीच्या एका कोपऱ्याशी मी उकिडवी बसले होते, टेपची पितळी कडी दगडाच्या कडेला अंगठ्याने दाबून; आणि भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यापाशी माझे सासरे, अण्णा, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचत होते. "ताणून धर, बाळ. झोळ पडला की माप खोटं येतं." देवाला नमस्कार केलास का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही केला नव्हता. त्या दिवसांत माझं देवाशी बोलणं बंद होतं.

अण्णा कुरुंदवाडच्या एका हायस्कुलातून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. कृष्णा-पंचगंगेचा संगम, पलीकडे नरसोबाची वाडी, अलीकडे पटवर्धनी संस्थानाचं आमचं गाव. आम्ही जैन. शिरोळ तालुक्यात यात नवल काही नाही, पण जैनाचा माणूस दर आठवड्याला महादेवाच्या देवळात जाऊन काय मोजतो, असा प्रश्न लोकांना पडायचाच. अण्णा उत्तर देत नसत. फार कुणी खोदून विचारलं तर गंडरादित्य शिलाहाराचं नाव सांगत. बाराव्या शतकातल्या या राजाने मिरजेच्या परिसरात मोठा तलाव बांधला, त्याला गंडसमुद्र नाव दिलं आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांचीही स्थापना केली, असं त्याच्या ताम्रपटात आहे. "राजाला चाललं, तर मास्तरला का नको?" एवढं बोलून ते विषय संपवत.

लग्नानंतर थोड्याच वर्षांत माझा नवरा अपघातात गेला. त्याबद्दल इथे एवढंच. मुलगी लहान होती. माहेरच्यांनी घेऊन जायची तयारी केली होती. भेटायला येणारी माणसं डोळ्यांना पदर लावूनच उंबरा ओलांडत आणि जाताना मला एकेक उपदेश देऊन जात. अण्णा यातलं काहीच करत नव्हते. ते माझ्याशी जवळजवळ बोलतच नव्हते. मला वाटायचं, एकुलता मुलगा गेला, आता सुनेचं तोंडही बघवत नसेल त्यांना.

मग एका सकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सांगितलं, "खिद्रापूरला जायचंय. टेप धरायला माणूस लागतो." सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी मुकाट्याने फडक्यात चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली, पोरीला कडेवर घेतलं आणि परड्यात निघून गेल्या. त्या दोघांचं आधी बोलणं झालं असणार, हे मला बऱ्याच काळाने सुचलं.

विधवा सून सासऱ्यामागे स्कूटरवर बसून गावाबाहेर जाते, हे आमच्या गल्लीला पचणं अवघड होतं. अकिवाट, सैनिक टाकळी, राजापूर. दोन्ही बाजूंना ऊस, आणि त्या वाटेवर अण्णांना ओळखणारी, त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं जागोजाग. लोक बघत. अण्णा स्कूटर आणखी हळू चालवत.

खिद्रापूर हे महाराष्ट्राच्या कडेचं गाव. कृष्णा ओलांडली की जुगूळ, म्हणजे कर्नाटक. देऊळ गावातच आहे, आणि लांबून ते फारसं काही बोलत नाही. उंच शिखर आकाशात घुसलंय, असं काही नाही. जे शिखर दिसतं तेही मागच्या काळातल्या डागडुजीचं. मूळ दगडी काम संपतं कुठे आणि पुढचं सुरू होतं कुठे, हे दहा पावलांवरूनही कळतं. म्हणून घाईत आलेला माणूस थेट आत जातो. अण्णा आत जाऊ देत नसत. पहिल्या फेऱ्यांना आम्ही बाहेरच, भिंतीच्या पायथ्याशी.

पायथ्याला हत्ती आहेत. देवळाचा सगळा भार जणू त्यांच्या पाठीवर, अशी हत्तींची रांगच मागच्या बाजूने फिरते. नव्वदच्या आसपास हत्ती असतील. त्यांच्या पाठीवर देवदेवता बसलेल्या. बहुतेकांच्या सोंडा फुटलेल्या, स्वारांचे चेहरे गेलेले. गावात याबद्दल औरंगजेबाचं नाव घेतात. प्रत्येक फुटक्या सोंडेपाशी थांबून हळहळणारे पाहुणे अण्णांना आवडत नसत. "गेलं ते गेलं. राहिलंय ते बघ की," असं ते म्हणत. मला वाटायचं ते हत्तींबद्दल बोलतायत. बहुधा हत्तींबद्दलच बोलत असावेत. अण्णा दोन अर्थांनी बोलणारे गृहस्थ नव्हते.

हत्तींच्या वर मूर्तींचा थर: सुरसुंदरी, देव, दिक्पाल. येणारा प्रत्येक जण यांचेच फोटो काढतो. अण्णांनी मला त्यांच्याकडे बघायला जवळजवळ बंदीच घातली होती. "मूर्ती नंतर. आधी भिंत कशी वळते ते बघ." देवळाची भिंत सरळ जात नाही, ती आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणि प्रत्येक कोपरा सूर्यप्रकाशात एक उजेडाची आणि एक सावलीची पट्टी उभी करतो. वरून पाहिलं तर आराखडा ताऱ्यासारखा दिसेल. असा तारा काढायचा कसा, ते अण्णांनी मला घरी सोप्यात दाखवलं. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा एक चौरस कापला, मधोमध टाचणी मारली आणि कागदावर तो चौरस थोडा थोडा फिरवत प्रत्येक वेळी चारही कोपरे पेन्सिलीने काढत गेले. टाचणी एकच, चौरस एकच, आणि कागदावर तारा उमटला. सगळी टोकं एका वर्तुळावर. "देऊळ बांधणाऱ्या सूत्रधाराकडे असाच दोरा असणार आणि मधे एक खुंटी," ते म्हणाले. मी कॉमर्सची पदवीधर. ताळेबंद जुळण्यातला आनंद मला माहीत होता. हा आनंद त्याच जातीचा होता, आणि कित्येक महिन्यांनी मला कशाने तरी बरं वाटलं होतं.

देवळात शिरताना पहिला लागतो तो स्वर्गमंडप. कोपेश्वर पाहिलेला माणूस बाकी सगळं विसरला तरी हा मंडप विसरत नाही. चहूबाजूंनी मोकळा, अठ्ठेचाळीस खांबांचा, आणि मधोमध छतच नाही. छताच्या जागी सुमारे तेरा फूट व्यासाचं गोल आकाश. खाली जमिनीवर त्याच मापाची एक गोल शिळा, रंगशिला. तिच्या भोवतीने बारा खांबांचं वर्तुळ, आणि त्या खांबांच्या माथ्याशी कार्तिकेय आणि दिशांचे राखणदार आपापल्या वाहनांसह. खांब खाली चौरस, मग अष्टकोनी, मग गोल, असे आकार बदलत वर चढतात. काळ्या दगडाला अशी झिलई की आठशे वर्षांनंतरही हात फिरवला की गार, गुळगुळीत लागतं. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. याला आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणायची रीत आहे, आणि अण्णांना या शब्दाने फार त्रास व्हायचा. हेमाद्री पंडित देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि कोपेश्वराच्या दक्षिणेकडच्या दाराशी सिंघण यादवाचा लेख आहे तो इ. स. १२१३-१४ च्या सुमाराचा. देऊळ त्याच्याही आधीचं. "नातवाने आजोबाचं घर बांधलं म्हणतात ही माणसं," असं ते पुटपुटायचे.

छत मधेच का सोडलं, यावर ज्याचं त्याचं उत्तर तयार असतं. होमाचा धूर जायला. त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र रंगशिलेवर यावा म्हणून. काम अपुरं राहिलं म्हणून. अण्णांना आधी दुसराच प्रश्न पडला होता: हे पडत कसं नाही? मलाही तोच पडला, कारण शाळेत कमान शिकताना मधला चावीचा दगड नसेल तर कमान कोसळते, असं ऐकलं होतं. इथे तर मधे काहीच नाही.

अण्णांनी शाळेत असताना हे मुलांना मैदानावर शिकवलं होतं म्हणे. दहा-बारा पोरांना गोल उभं करायचं, खांद्याला खांदा लावून, आणि सगळ्यांना आतल्या बाजूला झुकायला सांगायचं. एकटा झुकला तर तोंडावर पडतो. सगळे एकदम झुकले तर कुणीच पडत नाही, कारण प्रत्येकाला आत जायचं असतं आणि शेजारचे दोघे त्याला अडवतात. स्वर्गमंडपाचं छत असं आहे. प्रत्येक गोल थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवलेला. दगडाचा मागचा भाग वरच्या ओझ्याने दाबून धरलेला, पुढचा अधांतरी. आणि थर गोल असल्याने दगडांनी एकमेकांना कोंडून घातलेलं. कमानीला खालून लाकडी आधार द्यावा लागतो आणि शेवटचा दगड बसेपर्यंत तो काढता येत नाही. गोल थराला हा जाच नाही. एक फेरा पुरा झाला की तो स्वतःच्या जोरावर उभा. म्हणून सूत्रधार कुठल्याही फेऱ्यावर थांबू शकतो. इथे तो थांबला. खाली तेवढ्याच मापाची शिळा बसवलेली असल्याने तो मुद्दाम थांबला, हे अण्णांचं मत, आणि आज माझंही. अपुरं काम इतकं नेमकं राहत नाही.

मधे पोकळी असूनही उभं राहिलेलं छत पाहून त्यात आपल्या आयुष्याचा काही अर्थ सापडतो, असं मला भेटलेल्या बऱ्याच लोकांनी सांगितलं आहे. माझी गोष्ट ठाऊक असलेले तर हमखास सांगतात. अण्णांसमोर असं कुणी बोललं की ते खिशातून पेन्सिल काढून तिला टोक करू लागायचे.

त्या पोकळीचा व्यास मोजायचा कसा, हा आमच्यापुढचा खरा पेच होता. छतावर चढायची परवानगी नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं देऊळ. आम्ही वही-टेप घेऊन फिरतो याकडे तिथला पहारेकरी दुर्लक्ष करायचा, हेच पुष्कळ होतं. शिडी लावणं शक्य नव्हतं. अण्णांनी यावर जे उत्तर काढलं ते मी आजवर पाहिलेल्या हुशारीत सगळ्यात वरचं मानते. त्यांनी छताकडे बघणंच सोडून दिलं. उन्हाचा जो गोल कवडसा त्या भोकातून खाली पडत होता, त्याची कड खडूने आखली आणि तो मोजला.

मला पटेना. कवडसा तिरका पडतो, सकाळी पश्चिमेच्या खांबांकडे, दुपारनंतर पूर्वेकडे. मग तो लांबुळका नको का व्हायला? अण्णा म्हणाले, भिंतीवर चढला तर होईल. जमिनीवर आहे तोवर नाही. सूर्य इतका दूर आहे की त्याची किरणं इथे येईपर्यंत एकमेकांना समांतर झालेली असतात. वरचं भोक आडवं, खालची फरशी आडवी. दोन समांतर पातळ्यांमधून समांतर रेघा गेल्या तर आकार बदलत नाही, फक्त जागा सरकते. म्हणजे दिवसभर तेरा फुटांचं तेच भोक जमिनीवरून सावकाश चालत असतं. कड जराशी पुसट येते, ती दोन्ही बाजूंना सारखी धरायची. आम्ही कवडशाच्या कडेला टेप लावला. अण्णा एका काठावर, मी दुसऱ्या. ऊन पुढे सरकत होतं आणि त्याच्यासोबत आम्ही दोघं फरशीवरून गुडघ्यांवर रांगत होतो. जुगूळकडून दर्शनाला आलेल्या दोन बायका आमच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आणि मीही हसले. पुष्कळ दिवसांनी, मोठ्याने. अण्णांनी आकडा वहीत लिहिला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा घेऊ. तू हसलीस, टेप हलला."

त्याच कवडशावरून पुढचा हिशोब निघाला. खिद्रापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साडेसोळा अंशांच्या थोडं वर. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकत जातो तेव्हा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सहा-सात तारखेच्या आसपास, तो इथे भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. माणसाची सावली पायाखाली जाते. परतीच्या वाटेवर ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा येतो, पण तेव्हा आमच्याकडे ढग. म्हणजे मेमध्ये घड्याळात साधारण साडेबाराला उन्हाचा तो गोल रंगशिलेवर जाऊन बसायला हवा, झाकणासारखा. आम्ही गेलो. बसला. अण्णांना त्याचं काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही. उत्तर आधीच निघालं होतं.

त्रिपुरी पौर्णिमेच्या चंद्राबद्दल मात्र त्यांचं मत त्यामुळे बदललं. आधी ते या गोष्टीला भाविकांची हौस समजत. मग पंचांग आणि भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या नेमका समोर असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेला गेलेला, म्हणून चंद्र उत्तरेला. मे महिन्यात सूर्य ज्या वाटेने जातो जवळपास त्याच वाटेने कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र जातो, आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपासून पाचेक अंश कललेली, म्हणून एखाद्या वर्षी नेमका, एखाद्या वर्षी जरा बाजूला. "लोक खोटं बोलत नव्हते," अण्णा म्हणाले. "त्यांनी मोजलं नव्हतं इतकंच."

स्वर्गमंडपातून पुढे सभामंडपात शिरलं की उजेड एकदम निम्मा होतो. जाळीच्या वातायनांतून येईल तेवढाच. पुढे गाभाऱ्याआधीच्या अंतराळात त्याहून कमी. गाभाऱ्यात समईचा. उघड्या आकाशापासून सुरू करून अंधारापर्यंत नेणारं हे देऊळ आहे, आणि आत दोन लिंगं: एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकला, महादेव कोपला, आणि त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर; अशी कथा. समोर नंदी नाही. नंदी सतीसोबत माहेरी गेला होता, तो तिकडेच राहिला. आणि तिकडे म्हणजे नदीपलीकडच्या यडूरला. यडूरला वीरभद्राचं मोठं देवस्थान आहे. दक्षाचा यज्ञ उधळणारा वीरभद्र तिकडे, कोपलेला शिव इकडे, मधे कृष्णा. दोन राज्यांत मिळून एक गोष्ट पुरी होते.

सासूबाईंना ही कथा फार आवडायची. नातीला जेवू घालताना त्या हीच सांगत. त्यांच्या सांगण्यात भर कोपावर नसे, समजूत काढायला आलेल्यावर असे. तो काय बोलला, हे पोरगी विचारायची. "काही नाही. नुसता शेजारी बसला," असं त्या सांगत. पुराणात असं आहे की नाही, मी कधी शोधलं नाही.

देवळाच्या इतिहासासाठी अण्णांकडे एक पुस्तक होतं, वा. वि. मिराशींचं शिलाहार राजवंशाच्या इतिहासाचं आणि कोरीव लेखांचं. पानं पिवळी पडलेली, कडेला पेन्सिलच्या खुणा. देवळाचं मुख्य काम बाराव्या शतकातलं, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या अमलातलं. शेवटचा भोज, दुसरा, ज्याचं नाव पन्हाळ्यामुळे लोकांना ठाऊक आहे, त्याला यादव सिंघणाने हरवलं आणि हा मुलूख देवगिरीकडे गेला. त्यानंतर लगेचच सिंघणाने कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी संगमाकाठचं कूडलदामवाड नावाचं गाव दिलं. दाराशी असलेला संस्कृत लेख तो. हे कूडलदामवाड म्हणजे आपलं कुरुंदवाडच, हे अण्णांचं ठाम मत. आपलं गाव कधीकाळी या देवळाच्या दिवाबत्तीला लावून दिलेलं होतं, तेव्हा आपण इथे येतो ते जुनं देणं फेडायला, असं ते अर्धं थट्टेत म्हणत. बाकीचे लेख कन्नडमधले. ते वाचायला अण्णांनी अथणीकडच्या एका निवृत्त कन्नड मास्तरांना गाठलं होतं. दोघं म्हातारे भिंतीपाशी उभे राहून तासन् तास भांडत, एक कन्नडमधून, एक मराठीतून. त्यांचं एक भांडण कधीच मिटलं नाही. अकराव्या शतकाच्या मध्यावर कोप्पम इथे चोळ आणि चालुक्यांची मोठी लढाई झाली आणि चोळ राजा राजाधिराज हत्तीच्या पाठीवर मारला गेला. ते कोप्पम खिद्रापूर असं काही अभ्यासक मानतात, काही कर्नाटकातलं कोप्पळ मानतात. गंमत म्हणजे आमचे मराठी अण्णा कोप्पळच्या बाजूचे होते आणि कन्नड मास्तर खिद्रापूरच्या.

या कन्नड मास्तरांनीच एकदा मला सहज विचारलं, "पोरगा जे धरायचा तेच टोक तू धरतेस का?" त्यांना वाटलं मला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं. माझा नवरा शाळेत असल्यापासून सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर इथे येत होता. लग्न झाल्यावर येईनासा झाला. अण्णांची वही अर्ध्यावर थांबली होती ती तेव्हापासून. घरी आल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. मापांच्या आकड्यांमध्ये अधूनमधून दुसरं अक्षर होतं, वाकडं, पोरसवदा. पुढच्या वह्यांत ते सुधारत गेलेलं. एका पानावर हत्तीचं चित्र होतं, सोंड शाबूत असलेला. खाली अण्णांच्या हस्ताक्षरात शेरा: जे आहे तेच काढावे.

मी अण्णांना याबद्दल काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला फक्त वहीत आकडे मी लिहू लागले. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली, इतकंच.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. अण्णांनी मला आय.टी.आय.च्या ड्राफ्ट्समन कोर्सला घातलं. वर्गात पोरंच जास्त, मी सगळ्यांत मोठी. फी त्यांच्या पेन्शनमधून गेली, आणि एक टी-स्क्वेअर, गुण्यांची जोडी आणि रोट्रिंगची पेनं त्यांनी सांगलीहून आणून दिली. ती पेनं त्या काळी महाग होती. मुलीला सासूबाईंनी सांभाळलं. शेजारणी त्यांना म्हणायच्या, सुनेला डोक्यावर चढवलंय. त्या म्हणायच्या, डोक्यावर नाही, बसमध्ये. नंतर एका इंजिनियरच्या ऑफिसात मी घरांचे नकाशे काढू लागले, पुढे कॉम्प्युटरवर. शिरोळ-हातकणंगल्यातल्या कितीतरी घरांचे जिने, मोऱ्या, देवघरं माझ्या हाताखालून गेली. पोरीचं शिक्षण त्याच पैशांवर झालं.

दुपारच्या उन्हात कामावर असताना मालक विचारतो, बाई, खिडकी इथेच का? मी त्याला सांगते, सकाळी उजेड कुठून येतो ते आधी बघू. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

२००५ च्या पुरात वह्या अण्णांनी स्वतः माळ्यावर चढवल्या होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्याहून चढलं तेव्हा ते नव्हते. कृष्णा आणि पंचगंगेने कुरुंदवाडला दोन्हीकडून धरलं होतं, तिकडे खिद्रापूरला पाण्याचा वेढा पडला होता. बोटीतल्या जवानाने सांगितलं, माणशी एकच पिशवी. मी घराची कागदपत्रं घेतली आणि उरलेल्या जागेत वह्या कोंबल्या. "बाई, पुस्तकं नंतर मिळतील," तो म्हणाला. सासूबाई, ज्यांनी आयुष्यात त्या वह्या कधी उघडून पाहिल्या नव्हत्या, त्याला म्हणाल्या, "माझी पिशवी रिकामीच आहे, त्यात टाक." त्यांच्या साड्या घरातच राहिल्या.

त्या वह्यांवरून आता मी देवळाचे नकाशे पक्के करतेय. तळाचा आराखडा झाला, दोन छेद झाले. आर्किटेक्चरची मुलं येतात, लेझरवाली यंत्रं घेऊन येतात, आणि त्यांचं काम तासाभरात होतं. ते मला आवडतं. त्यांच्यातल्या एका मुलीने मला विचारलं की स्वर्गमंडपाचं भोक एका बाजूला जराही कललेलं नसेल कशावरून. मी तिला कवडशाची गोष्ट सांगितली. तिने लगेच मोबाइलवर तारीख पाहिली.

तुम्हालाही जायचं असेल तर मेच्या पहिल्या आठवड्यात जा. बारा वाजता पोचा, म्हणजे उन्हाचा गोल रंगशिलेकडे सरकताना दिसेल. साडेबाराच्या आसपास तो तिच्यावर असतो आणि फार वेळ थांबत नाही. मूर्तींचे फोटो त्यानंतर काढा. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि तोवर मंडपातला दगड इतका तापलेला असतो की पाय टेकवत नाही, तेव्हा जाड पायमोजे न्या. अण्णांकडे दोन जोड असत.